आयआयएमची मुलाखत: तयारीची सुरुवात स्वतःच्या अर्जापासून करा

कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा निकाल लागला, मुलाखतीचा कॉल आला, की बहुतेक मुलं चालू घडामोडींची जाडजूड पीडीएफ उघडून बसतात. ती जरूर वाचा, पण नंतर. आयआयएमच्या पॅनेलवर साधारण दोन-तीन जण असतात, त्यांच्यापुढे तुमचा अर्ज असतो आणि पंधरा-वीस मिनिटांतले बरेचसे प्रश्न त्यातूनच निघतात. अहमदाबादला तर अंतिम निवडीत कॅटच्या गुणांपेक्षा मुलाखतीचं वजन जास्त असतं.

म्हणून आधी अर्जाची प्रिंट काढा. गाव, कॉलेज, विषय, कंपनी, छंद अशा प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा: हे नेमकं काय, असंच का, आणि आकडा किती? ज्या शब्दाची उत्तरं देता येत नाहीत, तिथून अभ्यासाला लागा.

गावाकडे मुलं हमखास दुर्लक्ष करतात. समजा, तुम्ही निफाड तालुक्यातले आहात. लासलगावचं नाव निघालं की कांदा आलाच. ‘आमच्याकडे कांद्याची मोठी बाजारपेठ आहे’ एवढ्यावर थांबलात, तर पुढच्याच प्रश्नाला अडकाल. सरकारने काय काय केलं, ते क्रमाने सांगता यायला हवं: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरमध्ये थेट निर्यातबंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली तरी शुल्क कायम, सप्टेंबरमध्ये ते २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द. मग बंदीचा फटका शेतकऱ्याला का बसला, ते सांगा. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने टिकतो, लाल कांदा टिकत नाही. डिसेंबरात बंदी आली तेव्हा बाजारात लाल कांदा होता. भाव पडला तरी शेतकऱ्याला तो विकावाच लागला. शहरातल्या ग्राहकाची बाजूही मांडा आणि मग तुमचं मत द्या. एवढी तयारी असेल, तर पुढची पाच मिनिटं चर्चा तुमच्या हातात राहते. सोलापूरच्या मुलीला हाच धागा चादरीत सापडेल, इचलकरंजीच्या मुलाला यंत्रमागात.

त्यानंतर पदवीचे दोन विषय निवडा. दोनच, पण पक्के. मेकॅनिकलवाल्याला ऊष्मागतिकीचा दुसरा नियम घरच्या फ्रिजच्या उदाहरणाने समजावता यावा. बी.कॉम. केलं असेल तर घसाऱ्याच्या दोन पद्धतींची व्याख्या पुरत नाही. सुरुवातीच्या वर्षांत घटत्या शिल्लक पद्धतीपेक्षा सरळ रेषा पद्धतीने नफा जास्त का दिसतो, ते कागदावर आकडे मांडून दाखवता आलं पाहिजे.

‘एमबीए का?’ हा प्रश्न जवळपास ठरलेला. ‘मॅनेजमेंट स्किल्स वाढवायची आहेत’ या उत्तरातून पॅनेलला काहीच कळत नाही. नोकरी करत असाल, तर रोज समोर येणारी एखादी अडचण सांगा: विक्री विभागाचा अंदाज आणि खरेदीची ऑर्डर जुळत नाही, गोदामात माल पडून राहतो, आणि तुमच्या अधिकारात तुम्ही अमुक इथपर्यंतच पोहोचू शकता. फ्रेशर असाल, तर कॉलेजच्या एखाद्या उपक्रमातलं पैशांचं किंवा माणसांचं गणित सांगा.

उत्तरं लिहून पाठ करू नका. मुद्दे लिहा आणि मोठ्याने बोला. फोनवर रेकॉर्ड करून ऐका. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, आणि ती मी समजू शकतो. पण तिथे वक्तृत्व स्पर्धा नसते. छोटी, सरळ वाक्यं पुरतात. एखादी गोष्ट माहीत नसेल तर ‘सॉरी सर, आय डोन्ट नो’ म्हणून मोकळे व्हा. अंदाजाने ठोकून दिलेल्या उत्तरावर पुढचे दोन प्रश्न येतात आणि मग सावरणं कठीण जातं. एक तरी सराव मुलाखत अशा व्यक्तीसमोर द्या, जी तुम्हाला मध्येच तोडेल.

कागदपत्रं मात्र आजच काढा. मूळ गुणपत्रिका, अनुभवाचं पत्र, लागू असेल तर जातीचा दाखला. ओबीसी उमेदवारांना नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यातलं लागतं. राज्याच्या प्रवेशासाठी काढलेलं इथे चालत नाही. कॉल लेटरमध्ये दिलेल्या तारखांशी ते आधीच ताडून पाहा. नवं काढावं लागलं, तर सेतू आणि तहसील कार्यालयाच्या फेऱ्यांना वेळ लागतो.