कोळशाच्या गावाचं मूळ शोधायचं असेल तर

गावाचा इतिहास लिहायला निघालेली पोरं आधी विचारतात, "काका, जुनी खाण कुठं होती?" माझी उभी नोकरी खाणीत सर्व्हेअर म्हणून झाली, तरी मी त्यांना पहिल्यांदा स्टेशनवर पाठवतो.

वरोऱ्याचंच बघा. इथली सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. पण तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून १८७७ मध्ये इथवर आलेला लोहमार्ग टिकला. पुढे तो बल्लारपूरला पोचला, १९२० च्या दशकाअखेर काझीपेठला जोडला गेला, आणि आज दिल्ली-चेन्नई गाड्या त्यावरूनच धावतात. म्हणून आधी रूळ कधी आला ते काढा. मग १९०९ चं चांदा (म्हणजे आताच्या चंद्रपूर) जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारं सरकारी पुस्तक, उघडा. त्यातलं खनिजांचं प्रकरण तर वाचाच, पण तालुक्याची माहिती सोडू नका. खाणीने गाव किती बदललं, ते तिथं कळतं.

आता माणसं. निवृत्त कामगाराला साल विचारू नका, ते आठवत नाही. "ही गोष्ट कंपनीच्या काळातली की सरकारी झाल्यावरची?" असं विचारा. कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण १९७३ चं, त्यामुळे आठवण त्याच्या अलीकडची की पलीकडची, ते लगेच ठरतं. त्यांच्याकडे फॉर्म बीची, म्हणजे खाणीच्या कामगार-नोंदवहीतल्या नोंदीची, नक्कल असेल तर ती नीट बघा. वडिलांचं नाव, मूळ गाव, कामावर लागल्याची तारीख, सगळं त्यात असतं. दहा-वीस घरांची मूळ गावं नकाशावर मांडलीत, की वस्ती कुठून आली ते दिसायला लागतं. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा कागद हाच. बायकांशी वेगळं बोला. पाणी कुठून आणायचो, पगाराच्या दिवशी बाजार कुठं भरायचा, हे त्यांनाच पक्कं ठाऊक असतं.

जुन्या खाणीची जागा शेवटी बघा, आणि माहितगार माणूस सोबत असेल तरच. खाली पोकळी असलेली जमीन वरून साधी दिसते. खचलेला खड्डा, भेगा, जमिनीतून निघणारी वाफ किंवा धूर दिसला तर एक पाऊलही पुढं टाकू नका. फोटो लांबूनच घ्या, आणि त्याच दिवशी तारीख व जागा वहीत लिहून ठेवा.