काळ्या मातीतली ओल कशी मोजावी

सांवेर, देपालपूर, महू या इंदूरभोवतालच्या भागातली काळी माती वरून फसवते. वरचा थर सुकून तडकतो, पण वीतभर खाली ओल शाबूत असते. नुसत्या भेगा पाहून मोटर सुरू केली की गहू पिवळा पडतो, हरभरा घाटे धरायचं सोडून नुसता वाढत राहतो. या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो, मुळांना हवा मिळत नाही. म्हणून ओल मुळांच्या खोलीवर पाहायची.

सगळ्यात सोपी परीक्षा हाताची. बांध आणि पाट सोडून शेतात तीन-चार ठिकाणी गिरमिटाने (माती काढायच्या पिळाच्या सळईने) २०–२५ सेंमी खालची माती काढा. मुठीत दाबून गोळा करा आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढा. पट्टी सहज लांब निघाली तर पाणी नको. गोळा होतो, पण पट्टी लवकर तुटते, तेव्हा रोज लक्ष ठेवा. गोळा कसाबसा धरतो आणि कडा झडतात, तिथे पाण्याची पाळी द्यायलाच हवी. सवय होईपर्यंत ही परीक्षा वजनाशी ताडून पाहावी.

वजनाची रीत खात्रीची. सुमारे १०० ग्रॅम माती झाकणाच्या डब्यात घेऊन लगेच तोला, नाहीतर वाटेतच ओल उडते. ढेकळं बारीक फोडून १०५ अंश सेल्सिअसवर २४ तास वाळवा आणि पुन्हा तोला. डब्याचं वजन दोन्ही वेळा वजा करा. घटलेलं वजन भागिले कोरड्या मातीचं वजन, गुणिले १००, ही ओलीची टक्केवारी. भागाकार ओल्या वजनाने करणं ही नेहमीची चूक. त्याने आकडा कमी येतो.

आता वाफशाचा आकडा हवा, म्हणजे जादा पाणी निचरून गेल्यावर माती जेवढी ओल धरून ठेवते तो. तो पुस्तकातून न घेता आपल्याच शेतात काढा. छोटा वाफा भरपूर भिजवून वर प्लास्टिक झाकावं आणि तीन-चार दिवसांनी नमुना घ्यावा. समजा वाफशाला ३२ टक्के आणि आज २४ टक्के ओल आली. तूट ८ टक्के. मातीची घनता (घन सेंमीला ग्रॅम) १.२५ धरली, तर वरच्या ३० सेंमी थरात ०.०८ × १.२५ × ३०० = ३० मिमी पाणी कमी आहे. एकराला ते सुमारे १,२१,००० लिटर होतं. सेकंदाला ५ लिटर देणारा पंप त्यासाठी पावणेसात तास चालवावा लागेल. पाटाने देताना काही पाणी वाया जातं, तेवढं वाढवून धरा.

टेन्सिओमीटर, म्हणजे माती पाणी किती जोराने ओढते ते काट्यावर दाखवणारी पाण्याची नळी, बटाटा, लसूण आणि भाजीपाल्याला चांगला. नळीचं भाजक्या मातीचं सच्छिद्र टोक रात्रभर पाण्यात भिजवा, नळीत उकळून गार केलेलं पाणी भरा, बुडबुडे काढा. तेवढ्याच जाडीचं भोक पाडून त्यात चिखलाची राबडी ओता, मग टोक बसवा. ठिबक असेल तर ड्रिपरपासून १५–२० सेंमीवर. वाचन रोज सकाळी एकाच वेळी घ्या. बटाट्याला २० सेंमी खोलीवर काटा ४०–५० सेंटिबारवर (हे ओढीचं माप, आकडा जितका मोठा तितकी माती कोरडी) आला की पाणी द्यावं.

इथे एक धोका नीट लक्षात ठेवावा. ८० सेंटिबारच्या आसपास टोकातून हवा शिरते आणि काटा शून्याकडे घसरतो. काळी माती आकसून टोकापासून सुटली तरीही तसंच होतं. वाचणाऱ्याला वाटतं ओल भरपूर आहे, आणि पीक मात्र सुकत असतं. आदल्या दिवशी ७५, आज ५ आणि मधे पाऊस-पाणी काहीच नाही, अशा वेळी उपकरण उपटून पुन्हा भरा आणि राबडीत बसवा.

गहू आणि हरभरा याहून जास्त ताण सोसतात, म्हणून त्यांना जिप्समचा ठोकळा बरा; तो मातीत पुरतात आणि त्यातून वीज किती सहज जाते त्यावरून ओल कळते. तो हळूहळू विरघळतो, दोन-तीन हंगामांनी बदलावा लागतो, आणि फार ओल्या मातीत त्याला नीट फरक कळत नाही. गव्हाला पेरणीनंतर २०–२१ दिवसांनी मुकुटमुळं फुटतात. त्या सुमारास १५ सेंमीवरची ओल अवश्य पाहा. तेव्हा बहुतेक मुळं वरच्याच थरात असतात, ३० सेंमीवरची ओल त्यांना फारशी मिळत नाही.