रात्रीच्या रॉकेटची रेघ: एका फ्रेमची तयारी

रात्री उडणाऱ्या रॉकेटची रेघ टिपायला गेले, तो माझा पहिला फोटो साफ जळाला होता, म्हणजे जादा प्रकाशाने पांढरा पडला होता. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ४००, ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) एफ/४, शटर एक मिनिट उघडं. ताऱ्यांचे फोटो काढायची सवय, त्यामुळे रात्र म्हटली की ॲपर्चर सताड उघडायचं हे हातालाच पाठ झालेलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आलं ते असं: खालचा निम्मा भाग पांढराफटक, त्यातून वर गेलेला एक जाड पांढरा सोट, आणि धूर, पाणी, झाडं सगळं त्यात गडप. शेजारी भाचा उभा होता. तो वाकून बघत म्हणाला, "मावशी, ट्यूबलाइटचा फोटो काढलास का गं?"

मी शाळेत भूमिती शिकवते. घरी येऊन वहीत मांडल्यावर चूक कळली, आणि ती समजली की या प्रकारातलं अर्धं अवघडपण संपतं. रॉकेटची ज्वाळा फ्रेममधून सरकत असते. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरच्या एखाद्या ठिपक्यावर ती क्षणभर टेकते आणि पुढे जाते. शटर एक मिनिट उघडं असो की चार मिनिटं, त्या ठिपक्याच्या वाट्याला ज्वाळेचा प्रकाश तेवढाच येतो. म्हणजे शटरच्या वेळेनं रेघेची लांबी वाढते, तेज वाढत नाही. तेज ठरतं ॲपर्चर आणि आयएसओवर. आभाळ, चांदणं, लांबचे दिवे यांचं उलटं. ते जागेवरच असतात, म्हणून शटर उघडं आहे तोवर साचत जातात.

त्यामुळे ठरवायचा क्रम असा. आधी रॉकेटसाठी ॲपर्चर. मग हव्या तेवढ्या रेघेसाठी वेळ. शेवटी, तेवढ्या वेळात आभाळ किती उजळतंय ते बघायचं. आयएसओ १०० वर ठेवायचा आणि विसरून जायचं.

ॲपर्चरचा आकडा अंतरावर आणि इंधनावर ठरतो; एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. घन इंधनात ॲल्युमिनियमची पूड असते, ती जळताना डोळे दिपतात आणि मागे राहणारा दाट धूरही त्या उजेडात पेटल्यासारखा दिसतो. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा असा आहे, एलव्हीएम३ रॉकेटच्या बाजूचे, सुरुवातीला जोर देणारे दोन्ही एस२०० बूस्टरही असेच. केरोसिनची ज्वाळा, उदाहरणार्थ स्पेसएक्सच्या फाल्कन ९ ची, काजळीमुळे पिवळी-नारिंगी आणि चांगलीच तेजस्वी असते. दोन्हींसाठी १०-१५ किलोमीटरवरून मी एफ/१६ लावते, ५० च्या आसपास एफ/११ किंवा एफ/८, आणि शंभराच्या पुढे एफ/५.६. मिथेनवर उडणाऱ्या रॉकेटची ज्वाळा निळसर आणि जरा फिकी असते, तिथे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) उघडायला हरकत नाही. नुसता हायड्रोजन जळत असेल तर ज्वाळा जेमतेम दिसते. मात्र हायड्रोजनच्या इंजिनांबरोबर घन बूस्टर जोडलेले असतील (१६ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री उडालेल्या नासाच्या आर्टेमिस १ ला होते), तर हिशेब बूस्टरचा धरायचा. शंका आली तर ॲपर्चर आणखी एक स्टॉप बंद करा. काळोख्या रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) रेघ वर काढता येते. पांढरी जळालेली रेघ कोणत्याच सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

आता भूमिती, माझा आवडता भाग. रॉकेट सरळ वर जातं हा समज सोडा. पहिल्या काही सेकंदांनंतर ते कलायला लागतं, आणि कुठल्या दिशेला हे त्या उड्डाणाच्या कक्षेवर ठरतं. श्रीहरिकोटाहून ध्रुवीय कक्षेकडे जाणारं पीएसएलव्ही दक्षिणेकडे जातं आणि श्रीलंका टाळण्यासाठी वाटेत वळण घेतं. भूस्थिर कक्षेसाठीची उड्डाणं पूर्वेकडे झुकतात. केप कॅनाव्हरलहून अंतराळ स्थानकाकडे जाणारी ईशान्येला जातात. दिशा शोधायची सोपी युक्ती सांगते: उड्डाणाआधी विमानांना आणि जहाजांना धोक्याच्या क्षेत्राची सूचना दिली जाते, तिच्यात त्या क्षेत्राच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश असतात. नकाशावर ते चौकोन काढा आणि प्रक्षेपण तळापासून पहिल्या चौकोनाच्या मध्यापर्यंत पट्टी ठेवा. मार्ग समोर येतो.

मग उंचीचा कोन. साधारण एका मिनिटात रॉकेट दहाएक किलोमीटर उंची गाठतं. तुम्ही तळापासून १० किलोमीटरवर असाल तर तोवर ते ४० अंशांच्या आसपास आलेलं असतं. त्यानंतर ते वर चढण्यापेक्षा आडवं जास्त धावतं. तुम्ही त्याच्या पाठीमागे असाल, म्हणजे ते तुमच्यापासून दूर जात असेल, तर रेघ वर चढते, थबकते आणि क्षितिजाकडे वाकते. अनेकांना वाटतं की रॉकेट खाली पडतंय. तसं काही नसतं, ते फक्त लांब जात असतं. बाजूने बघत असाल तर कमान मोठी आणि आडवी येते. वाट डोक्यावरून जात असेल तर कुठलीही लेन्स कमीच पडणार, तेव्हा सुरुवातीचा भाग घ्यायचा आणि बाकीचा डोळ्यांनी बघायचा.

फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिमी लेन्स उभी धरली तर खालून वर ७३ अंश मिळतात. क्षितिज फ्रेमच्या खालच्या कडेपासून एक षष्ठांशावर ठेवलं की वर ६१ अंश उरतात, आणि पाठीमागून घेतलेल्या रेघेला एवढे पुरतात. तीच लेन्स आडवी धरली तर एकूण ५३ अंशच मिळतात आणि रेघेचं टोक फ्रेमबाहेर पळतं. माझा दुसरा फोटो असाच गेला, बाकी सगळं जमलेलं असून. बाजूने बघत असाल तर १४ ते १६ मिमी. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरवर १६ मिमी म्हणजे साधारण २४ धरा. शंभर किलोमीटरवरून गणित बदलतं: पृथ्वीच्या गोलाईमुळे तळ दिसतच नाही, रॉकेट पाच-सहाशे मीटर चढल्यावर क्षितिजामागून उगवतं, आणि सगळी रेघ इतकी ठेंगणी असते की ३५ किंवा ५० मिमी चालते.

जागेवर गेल्यावर कोन मोजायला यंत्र नको. हात समोर ताठ धरून मूठ आवळली की ती मूठ आभाळात साधारण १० अंश झाकते. क्षितिजावरून मुठीवर मूठ चढवत सहापर्यंत जा, आणि सहावी मूठ व्ह्यूफाइंडरच्या आत येते का बघा. समोर पाणी असेल तर क्षितिज जरा वर घ्या. शांत पाण्यात रेघेचं प्रतिबिंब पडतं, आणि खरं सांगू, कित्येकदा तेच वरच्या रेघेपेक्षा देखणं असतं.

सामानाचं थोडक्यात. जड ट्रायपॉड, मधला दांडा खाली. कुलूप लागणारी केबल रिलीज (तारेवरचं शटरचं बटण). बल्ब मोडमध्ये (बटण दाबलेलं असेतो शटर उघडं राहतं) बटण बोटाने दाबून धरायचं नाही. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. दूरच्या टॉवरचा दिवा किंवा तारा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठा करून हाताने फोकस, मग रिंगवर चिकटपट्टी. व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनच्या आसपास, पण रॉ काढत असाल तर तो नंतरही बदलता येतो. पाण्याकाठी दव पडतं, म्हणून दर दहा मिनिटांनी टॉर्च तिरका धरून काच बघायची. आणि मेन्यूमधलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आठवणीने बंद करायचं. ते चालू राहिलं तर तीन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीन मिनिटं स्वतःशीच काळी फ्रेम काढत बसतो, आणि तुम्ही हात चोळत.

ट्रायपॉडच्या पायाखाली काय आहे ते मात्र नीट बघा. एकदा मी लाकडी फळ्यांच्या मचाणावर उभी होते. दहा किलोमीटरवरचा आवाज पोचायला अर्धं मिनिट लागतं. तोवर सगळे गप्प होते. मग तो गडगडाट आला, छातीत घुमला, आणि आमच्या भाच्याने आनंदाने जागच्या जागी दोन उड्या मारल्या. फोटोत रेघेच्या मध्यावर दोन बारीक नागमोडी वळणं आली. आवाज कधी पोचला ते फोटोवरून सांगता येतं. तेव्हापासून ट्रायपॉड जमिनीवर, आणि भाचा चार पावलं लांब.

उड्डाणाच्या तासभर आधी रंगीत तालीम करा: ठरलेलं ॲपर्चर, आयएसओ १००, पूर्ण तीन मिनिटं. आभाळ करडं-नारिंगी आलं तर चंद्र किंवा दिवे जास्त आहेत, म्हणून एक स्टॉप बंद करा किंवा वेळ दोन मिनिटांवर आणा. तारे छोट्या डॅशसारखे उमटतील. तीन मिनिटांत ते पाऊण अंश सरकतात. मला ते चालतं.

वेळेवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० रात्री ९ वाजून ५८ मिनिटांनी उडणार होतं, ते दोन मिनिटं पुढे ढकलून दहाला उडालं. चांद्रयान-२ तर १५ जुलै २०१९ च्या पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी निघायचं होतं. ५६ मिनिटं उरलेली असताना उलटी गणती थांबली, आणि शेवटी ते उडालं २२ जुलैला, भर दुपारी. रात्रीच्या फोटोसाठी आलेल्यांनी काय करावं? काही नाही, ट्रायपॉड आवरावा. म्हणून जादा बॅटरी आणि रिकाम्या वेळासाठी काहीतरी वाचायला हवंच.

उलटी गणती मोबाइलवरच्या थेट प्रक्षेपणावरून करू नका, ते कित्येक सेकंद मागे असतं. आपलं घड्याळ नेटवरच्या वेळेशी जुळवा आणि शून्याच्या पाच सेकंद आधी शटर उघडा. द्रव इंधनाची इंजिनं आधी पेटतात, फाल्कन ९ ची सुमारे तीन सेकंद आधी. घन इंधनाचं रॉकेट पेटलं की लगेच निघतं, थांबत नाही. पाच सेकंद आधी उघडलेल्या शटरने काही बिघडत नाही; उशिरा उघडलं तर रेघ हवेतूनच सुरू झालेली दिसते.

इथे माझी काळ्या पुठ्ठ्याची युक्ती. रॉकेट सुरुवातीला सावकाश चढतं आणि सगळ्यात जवळही तेव्हाच असतं, त्यामुळे रेघेचं खालचं टोक सर्वात आधी जळतं. त्यात खालचा धूर उजळून निघतो, तो वेगळाच. मी वहीएवढा काळा पुठ्ठा जवळ ठेवते. रॉकेट मनोऱ्यापासून सुटून चांगलं वर गेलं, साधारण पंधरा सेकंद झाले, की पुठ्ठा लेन्ससमोर खालच्या बाजूने आणते, काचेपासून दोन बोटं लांब, लेन्सला न टेकवता. आणि तो स्थिर धरायचा नाही, पंख्यासारखा हळूच वर-खाली हलवत राहायचा, नाहीतर त्याची कड फोटोत सावलीसारखी उमटते. किती वर आणायचा याची सराव-फ्रेममध्येच आधी नोंद करून ठेवा. अंधारात अंदाज चुकतो आणि रेघच झाकली जाते.

काही जण एका लांब फ्रेमऐवजी वीस-वीस सेकंदांच्या फ्रेम घेऊन नंतर सॉफ्टवेअरच्या लायटन मोडमध्ये (प्रत्येक जागी सर्वात उजळ ठिपका ठेवून) जोडतात. सुरक्षित आहे, एखादी बिघडली तरी बाकीच्या वाचतात. पण दोन फ्रेमच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची फट राहिली तरी रेघेत तुटकपणा दिसतो. मला ती शिवण खुपते. पहिल्यांदाच जात असाल तर मात्र तसंच करा.

शटर बंद कधी करायचं? ज्वाळा डोळ्याला दिसेनाशी झाली की. पीएसएलव्हीचा पहिला टप्पा दोन मिनिटांच्या आत संपतो, एस२०० बूस्टर सव्वादोनच्या आसपास, फाल्कन ९ चा अडीच मिनिटांच्या जवळपास. त्यापुढे रेघ बारीक होत जाते. फाल्कनचा पहिला टप्पा तळाशेजारीच परतणार असेल तर साधारण आठ मिनिटं धीर धरा, उतरतानाची दुसरी रेघ त्याच फ्रेममध्ये मिळते. त्यासाठी आभाळ खरोखर काळं हवं. सूर्यास्तानंतरच्या किंवा पहाटेच्या संधिप्रकाशात उड्डाण असेल तर वरचा धूर उन्हात चमकून मोठ्या जेलीफिशसारखा पसरतो. त्याला यातलं काहीच लागू नाही. तिथे आयएसओ १६००, एफ/२.८ आणि सेकंद-दीड सेकंदाचे फोटो.

शटर मिटल्यावर लगेच पडद्यात डोकं घालू नका. आयएसओ १६००, एफ/४, दहा सेकंद एवढं बदला आणि रेघेच्या जागी उरलेल्या धुराचे फोटो घ्या. वेगवेगळ्या उंचीवरचे वारे त्याला वेगवेगळ्या दिशांना पिळतात आणि पाचेक मिनिटांत तो गाठ मारलेल्या दोरीसारखा दिसतो. तोवर आजूबाजूची मंडळी गाड्या सुरू करून परतायला लागलेली असतात आणि हेडलाइट थेट तुमच्या लेन्सवर येतात. म्हणून येतानाच ट्रायपॉड रस्त्याच्या वळणापासून लांब लावा, आणि काळा पुठ्ठा अजून बॅगेत टाकू नका.