बालपात्राच्या मनातला झगडा कथेत कसा उभा करावा

लहान मुलाला केंद्रस्थानी ठेवून कथा लिहायला घेताना पहिला प्रश्न असा विचारावा की, या मुलाला एकाच वेळी कोणत्या दोन गोष्टी हव्या आहेत आणि त्यांतली एक मिळवताना दुसरी का गमवावी लागते. खरे बोलावे की खोटे, हा पेच झगड्यासारखा दिसतो खरा, पण त्याचे उत्तर वाचकाला आधीच ठाऊक असल्यामुळे त्यात ताण उरत नाही. खरे बोलल्यास जिवलग मित्र अडकतो आणि गप्प राहिल्यास स्वतःची लाज वाटते, अशी दोन्हीकडून ओढ असली की मूल विचार करू लागते आणि कथाही हलू लागते.

झगडा पात्राच्या वयाला पेलणारा असावा. झाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन प्रसंग सांगितले होते. एका मुलाकडून दार ढकलताना नकळत १५ कप फुटतात, तर दुसऱ्याकडून चोरून जॅम काढताना एकच फुटतो. अधिक वाईट कोण, असे विचारल्यावर लहान मुले बहुधा १५ कप फोडणाऱ्याला दोषी धरत, तर थोडी मोठी मुले हेतू पाहत. नंतरच्या संशोधनाने या निष्कर्षाला मुरड घातली असली, तरी कथालेखकाला ही खूण फार उपयोगी आहे: सहा वर्षांच्या मुलाची भीती नुकसानीच्या आकाराएवढी असते, तर दहा-अकरा वर्षांच्या मुलाला 'मी हे का केले' हा प्रश्न छळू लागतो. एका भीतीकडून दुसरीकडे सरकण्याचा तो काळच मला कथेसाठी सर्वांत सुपीक वाटतो.

समजा, अकरा वर्षांच्या मुलाकडून आजोबांचा चष्मा फुटला आणि बोलणी धाकट्या भावाने खाल्ली. इथे 'त्याला अपराधी वाटले' असे लिहिण्याचा मोह टाळावा. रात्री धाकटा नेहमीप्रमाणे झोपेत त्याच्या अंगावर हात टाकतो आणि हा तो हात हळूच उचलून बाजूला ठेवतो, एवढे पुरते. दुसऱ्या दिवशी आजोबा त्यालाच वर्तमानपत्र वाचून दाखवायला सांगतात. जी जागा त्याला शिक्षेची वाटायला हवी, तिथेच कौतुक होऊ लागते, आणि कबुली दिली तर हे कौतुकही जाईल, अशी नवी गाठ बसते. झगडा असा मध्येच रूप बदलत नसेल, तर कथा एका जागी घुटमळत राहते.

अशाच एका कथेच्या पहिल्या खर्ड्यात मी मुलाला सर्वांसमोर रडत कबुली द्यायला लावली होती. वाचताना ते रडणे त्याचे नसून माझे आहे, हे लक्षात आले. सुधारलेल्या खर्ड्यात तो फक्त भावाला सांगतो, तेही त्याच्या चपलेचा अंगठा शिवून देताना, मान वर न करता. आजोबांना सांगण्याइतके बळ त्याच्यात अजून नाही. लघुकथेच्या आवाक्यात मूल एखादेच पाऊल पुढे टाकते. सगळे शहाणपण एका रात्रीत आले, तर ते लेखकाने उसने दिलेले असते.

निवेदन प्रथमपुरुषी असेल, तर बोलणारा मूल आहे की मोठेपणी मागे वळून पाहणारा माणूस, हे आरंभीच ठरवावे. दुसऱ्याला घटनेचा अर्थ आधीच कळलेला असतो, म्हणून तो सांगण्याची घाई त्याच्याकडून हमखास होते.

खर्डा पूर्ण झाल्यावर 'त्याला कळले', 'तिला उमगले' अशी वाक्ये शोधून काढावीत आणि प्रत्येकाच्या जागी ते मूल पूर्वी करत नव्हते अशी एखादी कृती ठेवून पाहावी. तशी कृती सुचतच नसेल, तर दोष वाक्याचा नाही; मुलाला दोन गोष्टी हव्या होत्या की एकच, हे पुन्हा तपासावे लागेल.