घटस्फोटानंतर चर्चमध्ये पुन्हा लग्न करायचंय? कॅथलिकांनी आधी हे करा

कोर्टाची डिक्री हातात आली की लगेच हॉल बुक केला जातो. मग फादर बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागतात, त्यात पहिल्या लग्नाची नोंद निघते आणि सगळं तिथेच अडतं. कॅथलिक चर्चच्या लेखी वैध विवाह मोडता येत नाही. चर्च पाहतं ते इतकंच, की लग्नाच्या दिवशी वैध विवाह झाला होता का. उलट चर्चचा निकाल कायद्यापुढे घटस्फोट ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मॉली जोसेफ खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणून अर्ज दोन्हीकडे करावा लागतो.

कोर्टात घटस्फोट अधिनियम, १८६९ लागतो. संमतीने वेगळं व्हायचं तर कलम १०अ. त्यात दोन वर्षं वेगळं राहण्याची अट लिहिली आहे, काही उच्च न्यायालयांनी ती एक वर्ष धरली आहे. वकिलाला आधी हेच विचारा. अर्ज दिल्यावर ६ महिन्यांनंतर पण १८ महिन्यांच्या आत दोघांनी मिळून तो पुढे न्यायचा. अपिलाची मुदत संपल्याशिवाय दुसरं लग्न करू नका. गोव्याचा दिवाणी कायदा निराळा, तिथे तिथलाच वकील गाठा.

चर्चकडचा अर्ज धर्मप्रांताच्या (बिशपांच्या हद्दीच्या) ट्रायब्युनलकडे, म्हणजे चर्चच्या न्यायालयाकडे जातो. लग्न जिथे लागलं किंवा दोघांपैकी कुणीही जिथे राहतं, तिथलं ट्रायब्युनल चालतं: लग्न वसईत, मुलगी आता ठाण्यात, तर वसई किंवा मुंबई (ठाणं मुंबई धर्मप्रांतात येतं). दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, लग्नाचा दाखला, डिक्रीची प्रत आणि लग्नाआधीपासून ओळखणाऱ्या चार-पाच साक्षीदारांची नावं तयार ठेवा. कॅथलिक व्यक्तीने परवानगीशिवाय फक्त रजिस्टर लग्न केलं असेल, तर काम बहुतेक कागदांवरच भागतं.

अर्ज फसतो तो निवेदनात. लोक दहा वर्षांची भांडणं लिहितात: मारहाण, दारू, सासू. त्याने संसार मोडल्याचं कळतं, पण विवाह मुळात झाला नव्हता हे सिद्ध होत नाही. लग्नाच्या वेळी काय होतं ते लिहा. घरच्यांनी धमकावून उभं केलं का? मूल होऊ द्यायचंच नाही असं आधीच ठरवलं होतं का? गंभीर आजार मुद्दाम लपवला का? जबाबदारी पेलण्याची मानसिक कुवतच नव्हती का? मग त्याचा पुरावा जोडा. ‘आदल्या रात्री ती मावशीकडे रडत म्हणाली, मला हे लग्न नको’ असं मावशीनेच सांगितलं, तर ते दहा पानांच्या तक्रारीपेक्षा मोलाचं.

दुसऱ्या पक्षाला नोटीस जातेच, त्याचा पत्ता लपवू नका. तो आला नाही तरी खटला चालतो. विवाहबंधनाच्या बाजूने बोलणारा डिफेंडरही असतो. त्याच्या प्रश्नांनी दुखावू नका, ते त्याचं कामच आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५च्या सुधारणेनंतर निकालाला दुसऱ्या ट्रायब्युनलची पुष्टी लागत नाही. १५ दिवसांत अपील झालं नाही तर तो लागू होतो.

दोन गोष्टींची भीती मनातून काढा. विवाह शून्य ठरला म्हणून मुलं अनौरस ठरत नाहीत. आणि नुसता घटस्फोट झाला, दुसरं लग्न केलं नाही, तर त्या कारणाने ख्रिस्तशरीर (कम्युनियन) घ्यायला बंदी नाही. या गैरसमजापायी किती जण उगाच वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसून राहतात!

प्रोटेस्टंट मंडळ्यांत ट्रायब्युनल नसतं. तिथे घटस्फोटाबद्दलच्या मत्तय १९:९ आणि १ करिंथ ७:१५ या बायबलवचनांचा अर्थ आपली मंडळी कसा लावते ते पाळकांना आधीच विचारा.

निकालात पुनर्विवाहावर काही अट घातली आहे का, ते नीट वाचा. मग बाप्तिस्मा झाला त्या पॅरिशमध्ये जाऊन निकालाची नोंद चढल्याची खात्री करा, नवा दाखला घ्या आणि तो फादरांच्या हातात दिल्यावरच तारीख धरा.