घराच्या ड्रेनेज लाइनला पाइप कोणता घ्यावा?

पाइप ठरवायचा तो जमीन बघून. दुकानात जाण्याआधी दोन-तीन ठिकाणी तीन फूट खोल खणून बघा. सांगली-साताऱ्यात मिरज, वाळवा, पलूस, कराड या कृष्णाकाठच्या पट्ट्यात काळी माती लागते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. जत, आटपाडी, माण, खटावकडे थोडं खणलं की मुरूम नाहीतर कातळ लागतो. काळ्या मातीत पाइप वरखाली ओढला जातो, कातळात टोकदार दगडावर टेकून चेपतो. दोन्हीकडे पाइप एकच चालेल, पण त्याचे जोड आणि त्याखालचा थर वेगळा लागतो.

घरातून पहिल्या चेंबरपर्यंत यूपीव्हीसीचा (कडक पीव्हीसीचा) एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा पाइप घ्या, आयएस (भारतीय मानक) १३५९२, टाइप बी. पाइपवर हे छापलेलं असतं. टाइप ए हा पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो. रंग सारखाच, व्यासही सारखाच, त्यामुळे स्वस्त म्हणून तोच गळ्यात पडतो. ११० मिमीच्या टाइप ए पाइपाची जाडी किमान २.२ मिमी, टाइप बीची ३.२ मिमी. जाडी मोजायचं व्हर्निअर नेऊन दुकानातच माप घ्या. संडासाची लाइन टाइप ए मध्ये कधीही करू नका.

चेंबर ते चेंबर, जमिनीखालून जाणाऱ्या लाइनसाठी आयएस १५३२८ चा पाइप वेगळा येतो, बहुधा विटकरी रंगाचा. त्यावर एसएन२, एसएन४, एसएन८ असं लिहिलेलं असतं. आकडा जितका मोठा तितका पाइप मातीच्या ओझ्याखाली कमी चेपतो. अंगणातून जाणाऱ्या लाइनला एसएन४ पुरतो. वरून ट्रॅक्टर किंवा चारचाकी जाणार असेल तर एसएन८ घ्या आणि पाइपावर तीन फूट माती राहील इतकं खोल जा.

आपल्याकडे शेतातून उरलेला पीव्हीसी पाइप ड्रेनेजला जोडायची फार सवय आहे. तो दाबाच्या पाण्यासाठी बनवलेला, आयएस ४९८५ चा. अडीच किलो दाबाचा पाइप जमिनीत गाडला तर चेपतो. चार-सहा किलोचा टिकेल, पण त्याचे एल्बो, म्हणजे वळणाचे तुकडे, काटकोनी असतात. तिथे मैला अडतो आणि साफ करायला झाकणाचं तोंडही नसतं. उरलेला पाइप वापरायचाच असेल तर बाथरूमच्या सरळ लाइनला वापरा, वळणाला फिटिंग एसडब्ल्यूआरचंच घ्या.

सातारा-सांगलीच्या जुन्या वस्त्यांत चिनीमातीचे, म्हणजे स्टोनवेअरचे पाइप अजून सापडतात. पाइप उत्तम, ॲसिडनेही खराब होत नाही. पण दोन-दोन फुटांचे तुकडे असतात, म्हणून जोड फार. सिमेंटचा जोड काळ्या मातीत तडकतो आणि तिथून अशोक, उंबर, पिंपळाची मुळं आत शिरतात. जुनी लाइन चांगली असेल तर उखडू नका. नवा पाइप तिला मिळतो तिथे चेंबर बांधा, दोन वेगळे पाइप सिमेंटने एकमेकांत कोंबू नका. सिमेंटचा ह्यूम पाइप पावसाच्या पाण्याला ठीक, मैलापाण्याचा वायू त्याला आतून वरच्या बाजूला खातो. बिडाचा पाइप जड आणि महाग; खूप गरम पाणी सोडणाऱ्या खानावळीला त्याचा उपयोग, घराला नाही. घरामागे हळद शिजवत असाल तर ते उकळतं पाणी मात्र पीव्हीसीच्या लाइनला सोडू नका. ६० अंशांपुढचं पाणी बराच वेळ वाहिलं की पाइप मऊ पडून झोल खातो.

स्वयंपाकघर आणि बाथरूमला ७५ मिमी, संडासाला ११० मिमी. एका घराला पुढेही ११० पुरतो. १६० टाकला म्हणजे तुंबणार नाही, ही समजूत चुकीची आहे. मोठ्या पाइपात थोडं पाणी पसरून उथळ वाहतं आणि मैला मागे राहतो. दोन-तीन घरं एकत्र असतील तेव्हा १६० घ्या.

११० च्या लाइनला दहा फुटांना अडीच इंच उतार धरा. अगदीच अडचण असेल तर दोन इंच, त्याहून कमी नको. घरापासून रस्त्याचं चेंबर ५० फुटांवर असेल तर साडेबारा इंच उतार लागतो. सुरुवातीला पाइप दीड फूट खोल असेल तर शेवटी अडीच फुटांच्या जरा पुढे जातो. म्हणून रस्त्याच्या चेंबरचा तळ आधी मोजा. तो दोन फुटांवर असेल तर उतार बसणार नाही. मग संडास-बाथरूमची फरशी वर घ्यावी लागेल, आणि ते जोत्याच्या वेळीच ठरवायला हवं.

काळ्या मातीत रबर रिंगचे जोड घ्या, कारण ते थोडं हलू देतात. पाइप काटकोनात कापा, टोकाची कड कानशीने बाहेरून तिरपी करा, नाहीतर रिंग गुंडाळली जाते. साबणाचं पाणी लावा; ऑइल, ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. पाइप सॉकेटमध्ये, म्हणजे पुढच्या पाइपाच्या रुंद तोंडात, पूर्ण घाला, खूण करा आणि १० मिमी मागे ओढा. तीन मीटरचा पाइप ३० अंशांच्या फरकाने सुमारे ६ मिमी वाढतो, ती जागा त्याला हवी. काम खालच्या टोकाकडून सुरू करा, सॉकेटचं तोंड चढाकडे. वळणाला ४५ अंशांचे दोन बेंड, मिळणीला वाय (Y) आकाराचं फिटिंग. प्रत्येक वळणाला, मिळणीला चेंबर.

गळती बहुतेक वेळा सापडते ती पाइप चेंबरच्या भिंतीत शिरतो तिथे. पीव्हीसी गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही. भिंतीत जाणाऱ्या भागावर बाहेरून सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचा गोंद) लावून ओल्यावरच कोरड्या वाळूत फिरवा. वाळू चिकटून पृष्ठभाग खरखरीत झाला की मग मसाल्यात बसवा. भिंतीपासून फूट-दीड फुटावर एक रिंगचा जोड ठेवा, म्हणजे चेंबर खचलं तरी पाइप मोडत नाही.

चराची रुंदी पाइपापेक्षा फूटभर जास्त ठेवा. तळाला चार इंच क्रश सँड किंवा चाळलेला बारीक मुरूम, काळ्या मातीत सहा इंच. सॉकेटखाली थर थोडा उकरा, पाइप पूर्ण लांबीला टेकला पाहिजे. बाजूंनी आणि वर फूटभर तोच माल हाताने ठोकून भरा. निघालेली काळी माती फक्त त्याच्या वर.

सांगली शहराच्या सखल भागात २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लक्षात ठेवून शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. गटार उलटं फिरलं की तो मिटतो. त्या वेळी घरातलं पाणीही बाहेर जात नाही, तेव्हा वापर थांबवावा लागतो. झडपेत चिंधी अडकली की ती मिटत नाही, म्हणून दर मे महिन्यात उघडून धुवा.

चर बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरा आणि तासभर प्रत्येक जोड बघा. मग एका चेंबरमधून बॅटरी मारून दुसऱ्यातून आरसा धरा. गोल पूर्ण दिसला पाहिजे, खालून कापलेला दिसला तर तिथे झोल आहे. भिंतीपासूनची मापं घेऊन लाइनचा फोटो काढा आणि मगच माती ओढा.