झेडएक्स स्पेक्ट्रमच्या पडद्यावरील बिघाड: निदान आणि दुरुस्ती

ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या पडद्यावर पट्टे, रंगीत चौकोन किंवा नुसताच काळोख दिसू लागला, की चित्र तयार करणाऱ्या भागावर खापर फोडले जाते. प्रत्यक्षात हा बिघाड बहुधा मेमरीचा किंवा तिला वीज पुरवणाऱ्या भागाचा असतो. पडद्यावरचे २५६ × १९२ ठिपक्यांचे चित्र आणि त्याचे रंग मेमरीतील १६३८४ या पत्त्यापासून पुढच्या ६९१२ बाइटांत साठवलेले असतात आणि यूएलए ही चिप ते सतत वाचून पडद्यावर मांडत असते. त्यामुळे खालची १६ के (किलोबाइट) मेमरी बिघडली की तिचा गोंधळ थेट डोळ्यांपुढे येतो. पुढील सूचना १६ के आणि ४८ के यंत्रांसाठी आहेत.

प्रथम अडॅप्टर तपासावा. तो ९ व्होल्ट डीसीचा असून त्याच्या पिनेचे मधले टोक ऋण असते. आजचे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात आणि तसा एखादा जोडल्यास यंत्राचे नुकसान होऊ शकते. मूळ अडॅप्टरवर भार नसताना मल्टिमीटर १२ व्होल्टांहून अधिक दाखवतो, तो दोष समजू नये.

रबरी कळांच्या यंत्राचे तळाचे ५ स्क्रू काढल्यावर झाकण झटक्यात उचलू नये, कारण कीबोर्डच्या पातळ पट्ट्या इतक्या वर्षांत ठिसूळ झालेल्या असतात. त्या सरळ वर ओढून सोडवाव्यात.

आता खालच्या मेमरीच्या आठ ४११६ चिपा, म्हणजे आयसी-६ ते आयसी-१३, शोधाव्यात. या चिपांना तीन वेगवेगळे विद्युतदाब लागतात: पिन १ वर −५, पिन ८ वर +१२ आणि पिन ९ वर +५ व्होल्ट, पिन १६ ही ग्राउंड होय. पाच व्होल्ट ७८०५ रेग्युलेटरकडून येतात, तर बाकीचे दोन टीआर-४ व टीआर-५ या ट्रान्झिस्टरांच्या आणि एका छोट्या कॉइलच्या मंडलातून तयार होतात. यंत्र चालू असताना मागच्या कनेक्टरवर एखादे उपकरण लावले किंवा काढले, की टीआर-४ बळी पडण्याचा धोका असतो. −५ व्होल्ट नाहीसे होऊन +१२ मात्र चालू राहिले, तर ४११६ चिपा स्वतःच जळू शकतात. म्हणून दाब बरोबर नसतील तर यंत्र चालू ठेवून विचार करत बसू नये.

टीआर-४ जळालेला आढळला तरी तो लगेच बदलू नये. माझ्या मते या दुरुस्तीतली सर्वांत महत्त्वाची पायरी इथेच आहे. यंत्र बंद करून पिन ८ आणि ग्राउंड, तसेच पिन १ आणि ग्राउंड यांमधला रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य असेल तर एखादी मेमरी चिप आतून शॉर्ट झालेली असण्याची शक्यता मोठी असते आणि तशा स्थितीत बसवलेला नवा ट्रान्झिस्टरही तत्काळ जळतो. दोषी चिप काढल्यावरच नवा ट्रान्झिस्टर लावावा. मूळच्या झेडटीएक्स ६५० ऐवजी झेडटीएक्स ६५१ चालतो.

तिन्ही दाब बरोबर असूनही चित्र बिघडलेलेच असेल, तर पडदा नीट वाचावा. आठ चिपांपैकी प्रत्येक चिप बाइटातला एकेकच बिट सांभाळते, त्यामुळे एक चिप बिघडल्यास दर आठ ठिपक्यांनी तीच उभी रेघ परत दिसते: रेघ आठच्या गटात अगदी उजवीकडे असेल तर संशय आयसी-६ वर, अगदी डावीकडे असेल तर आयसी-१३ वर. रंगांच्या बाइटातला (शून्यापासून मोजता) सातवा, म्हणजे अगदी डावीकडचा बिट लुकलुकण्याचा असल्याने अकारण लुकलुकणारे चौकोनही आयसी-१३ कडेच बोट दाखवतात. कडेची चौकट स्थिर असेल तर यूएलए बहुधा ठीक आहे असे मानावे, कारण चौकट मेमरीतून वाचली जात नाही. संशयित चिपेवर दुसरी चांगली चिप पाठीवर बसवून पाहण्याची पद्धत प्रचलित आहे, परंतु मूळ चिप शॉर्ट असेल तर ती काहीच सिद्ध करत नाही. बिघाड शोधणारा प्रोग्राम असलेला रॉम उपलब्ध असल्यास तोच वापरावा.

चिप काढताना तिचा मोह धरू नये. आधी पाय कापून धड वेगळे करावे, मग एकेक पाय गरम करून उपटावा. असे केल्याने बोर्डवरचे तांब्याचे मार्ग वाचतात. रिकाम्या जागी सॉकेट बसवावे.

वरच्या ३२ के मेमरीतील दोषाने चित्र सहसा बिघडत नाही. सिंक्लेअरचा कॉपीराइट संदेश नेहमीप्रमाणे येतो. ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ या बेसिक भाषेतील आज्ञेला ६५५३५ ऐवजी ३२७६७ असे उत्तर आले, तर ४८ केचे यंत्र स्वतःला १६ केचे समजत आहे.

चित्र स्पष्ट असून केवळ रंग नसतील, तर रंगांचा सिग्नल तयार करणारी एलएम १८८९ ही चिप, तिला मिळणारे १२ व्होल्ट आणि ४.४३३६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल तपासावा. इश्यू (आवृत्ती) १ व २ च्या बोर्डांवर रंग जुळवण्याचे ट्रिमर, म्हणजे फिरवून जुळवायचे छोटे भाग, आहेत, इश्यू ३ पासून ते काढून टाकले गेले. ट्रिमर फिरवण्यापूर्वी त्याची मूळ जागा खुणेने नोंदवावी आणि प्लॅस्टिकच्या स्क्रू-ड्रायव्हरने तो अगदी थोडा थोडा फिरवावा.